हवामानाच्या नावानं चांगभलं

लोहगावला सकाळचे नऊ वाजलेले असतात. ऊन इतकं लख्ख, की काचेपलीकडची विमानं बघायला कपाळावर हात धरावा लागतो. नेमक्या त्याच वेळी लाउडस्पीकरवरचा मधाळ आवाज सांगतो, की खराब हवामानामुळे आपल्या विमानाला उशीर होत आहे आणि होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. गेटवरची दीड-दोनशे माणसं एकदम माना वळवून बाहेर बघतात. आकाशात ढगाचा पुंजकासुद्धा नसतो. "कुठाय खराब?" असा सवाल एक गृहस्थ शेजाऱ्याला करतात, पण सूर असा की निम्म्या टर्मिनलला ऐकू जावा. पुणेकराला उशिराचा तेवढा राग येत नाही, जेवढा आपल्याला अडाणी समजल्याचा येतो.

आवाज खोटं बोलत नसतो. खराब हवामान पुण्यात नसतंच, ते दिल्लीत असतं. तुम्हाला बंगळूरला नेणारं विमान पहाटे दिल्लीहून निघून पुण्यात यायचं असतं. एकेक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. त्यामुळे पहिल्या फेरीला पालमच्या धुक्यानं पाय धरले, की संध्याकाळी नागपुरात बारशाला निघालेल्या माणसाचं जेवण चुकतं. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात दिल्ली पाहिलेली नसते. पण दिल्लीचं धुकं त्याला बरोबर ओळखतं.

धुक्याचं गणितही मजेदार आहे. दिल्लीच्या विमानतळावर जी यंत्रणा बसवली आहे, तिच्या जोरावर धावपट्टीवर जेमतेम ५० मीटरपर्यंतचं दिसत असलं तरी विमान उतरवता येतं. उडायला मात्र १२५ मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. म्हणजे या दोन आकड्यांच्या मधलं धुकं पडलं, की विमानं येत राहतात आणि जाईनाशी होतात. दिवाळसणाला आलेल्या जावयांसारखी ती ओळीनं बसून राहतात आणि घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. मग नव्यानं येणाऱ्यांना "तुम्ही आपले जयपूरला जा" असं सांगावं लागतं.

यात एक ग्यानबाची मेख आहे. ५० मीटरवर उतरायला यंत्र पुरत नाही, त्याचं शिक्षण घेतलेला वैमानिकही लागतो. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस दिल्लीत दाट धुकं पडलं आणि बरीच विमानं भलत्याच गावांना वळवावी लागली. नंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, चौकशी केली. तेव्हा निघालं, की काही विमानांवर धुक्यात उतरण्याचं प्रशिक्षण असलेले वैमानिक नेमलेलेच नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडिया आणि स्पाइसजेट यांना प्रत्येकी ३० लाखांचा दंड झाला. धुकं होतं, ते खरंच होतं. पण धुक्यात उतरू शकणारा वैमानिक घरी आणि न उतरू शकणारा ड्युटीवर, हे काही वेधशाळेनं ठरवलं नव्हतं.

माझं सगळं म्हणणं या मेखेभोवती फिरतं. आपल्याकडे उशीर झाला की प्रवासी पहिला प्रश्न विचारतो, "हवामान खरंच खराब आहे का?" आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं. दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही: हवामान खराब होणार हे माहीत असताना तुम्ही काय केलंत? नियमाचा सगळा जीव त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. डीजीसीएचा या विषयावरचा मूळ नियम ऑगस्ट २०१० चा, पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. त्यात म्हटलंय, की पूर, दंगल, संप, हवामान, हवाई नियंत्रण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांनी उशीर झाला किंवा उड्डाण रद्द झालं तर भरपाई देणं बंधनकारक नाही. इथपर्यंत प्रत्येक कंपनीला तोंडपाठ असतं. पुढचे शब्द मात्र पुटपुटत म्हटले जातात: सगळे वाजवी उपाय करूनही जे टाळता आलं नसतं, ते.

आता हे 'वाजवी उपाय' केले की नाही, हे गेटवर उभ्या असलेल्या त्या मुलीला कुठून माहीत असणार? वय बावीस-तेवीस, गळ्यात स्कार्फ, हातात वॉकीटॉकी. तिच्याकडे जी माहिती असते तीच तुमच्या मोबाइलवरही असते, फक्त तिच्या मोबाइलवर जरा उशिरा येते. तिच्यावर मात्र सगळं गेट तुटून पडतं. एक जण तिला आपलं व्हिजिटिंग कार्ड देतो. एक जण इंग्रजीत भांडायला सुरुवात करून तिसऱ्या वाक्याला मराठीत येतो आणि पाचव्याला हिंदीत जातो. एक तरुण सगळं शूट करत असतो आणि त्याला एक आजोबा "आमचा पण घ्या हो" असं सांगून कॉलर नीट करतात. "मॅनेजरला बोलवा" अशी आरोळी उठते. मॅनेजर येतो. तो पंचवीस वर्षांचा असतो.

या गदारोळापासून दूर, चार्जिंग पॉइंटच्या खाली सतरंजी पसरून एक कुटुंब बसलेलं असतं. त्यांच्या डब्यात दशम्या असतात, शेंगदाण्याची चटणी असते, वरून बेसनाचे लाडू. विमान निघो वा न निघो, या मंडळींचं सगळं वेळेवर चाललेलं असतं. त्यांच्याकडे बघून बाकीच्यांना आपल्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्याची आणि टेट्रापॅकमधल्या ज्यूसची लाज वाटते. तो पुडा हीसुद्धा एक कायदेशीर वस्तू आहे बरं का. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल आणि दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर खाण्यापिण्याची सोय करावी, असं नियम सांगतो. त्याहून लांबचं, पाच तासांपर्यंतचं असेल तर तीन तासांनी. त्याहीपेक्षा लांबचं असेल तर चार तासांनी. म्हणजे जितकं लांब जायचं तितकी भूक उशिरा लागते, असा काहीसा सरकारी समज दिसतो. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीनं एकतर सहा तासांच्या आत दुसरं विमान द्यावं, नाहीतर सगळे पैसे परत द्यावेत. हॉटेलची खोली चोवीस तासांच्या वर उशीर असेल तर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या मधलं उड्डाण सहा तासांहून जास्त लांबलं तर. आणि या सगळ्यात 'अपवादात्मक परिस्थिती'ची मागली खिडकी उघडी आहेच.

यामुळेच उशीर कधी एकरकमी जाहीर होत नसावा. तो हप्त्यानं येतो. आधी चाळीस मिनिटं. मग आणखी पन्नास. मग 'सुधारित वेळ लवकरच कळवू'. आमचे साडू अण्णा म्हणतात, की सहा तासांचा नियम आल्यापासून उशीरसुद्धा पाच तास पन्नास मिनिटांवर येऊन दम खातो.

अण्णांबद्दल सांगायलाच हवं. ते वीज खात्यातून निवृत्त झाले. हयातभर त्यांनी फोनवर "वरूनच गेलीय" हे एकच वाक्य हजारो लोकांना ऐकवलं. त्यामुळे "खराब हवामान" हे शब्द कानावर आले की त्यांच्यातला जुना कलाकार जागा होतो. "वाक्य चांगलंय," ते मान डोलावतात. "यात माणूस कुठे सापडतच नाही." निवृत्तीनंतर त्यांनी विमानतळांचे हवामान-अहवाल वाचायचा नाद लावून घेतला आहे. हे अहवाल अर्ध्या-अर्ध्या तासानं निघतात, जगजाहीर असतात आणि कुणालाही मोबाइलवर बघता येतात. फक्त ते अशा सांकेतिक अक्षरांत असतात, की वाचणाऱ्याला आपण गुप्तहेर असल्यासारखं वाटावं. दिल्लीचं नाव 'व्हीआयडीपी', पुण्याचं 'व्हीएपीओ', धुकं म्हणजे 'एफजी', विरळ धुकं म्हणजे 'बीआर'. गेटवर घोषणा झाली की अण्णा चष्मा कपाळावर सारून जाहीर करतात, "एफजी सव्वानऊलाच उठलं. आता बीआर आहे. आता हे काय सांगतात बघू." भोवती गर्दी जमते. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसते.

धुकं उठलं तरी विमान का निघत नाही, याचंही उत्तर आहे, पण ते ऐकून राग कमी होत नाही. आधी खोळंबलेली पन्नास विमानं पुढे असतात. शिवाय वैमानिकांच्या ड्युटीचे तास ठरलेले असतात. धुक्यात बसून राहिलेल्या कॅप्टनचे तास संपले की तो उठून घरी जातो, आणि ते योग्यच आहे, कारण पेंगणारा कॅप्टन कुणालाच नको असतो. प्रश्न एवढाच, की राखीव कॅप्टन ठेवला होता का? डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या विमानकंपनीची, इंडिगोची, उड्डाणं हजारांच्या घरात रद्द झाली आणि देशभरचे विमानतळ लग्नाच्या कार्यालयासारखे बॅगांनी भरून गेले. तेव्हा कंपनीनं सुरुवातीला जी कारणं सांगितली, त्यात किरकोळ तांत्रिक अडचणी होत्या, हिवाळी वेळापत्रक होतं, गर्दी होती, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम होते आणि, हो, प्रतिकूल हवामानही होतं. दोष वाटायला बसलं की हवामानाचं पान मांडावंच लागतं. ते कधी "मला नको" म्हणत नाही.

राग कुणावर काढायचा, हे न कळल्यानं काय होतं त्याचा नमुना १४ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दोनदा दिसला. दिल्लीहून गोव्याला निघालेल्या, तासन् तास रखडलेल्या विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकाला एका प्रवाशानं ठोसा मारला. आणि गोव्याहून दिल्लीला निघालेलं दुसरं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं, तेव्हा त्यातले प्रवासी खाली उतरून विमानाशेजारीच डांबरावर बसले आणि तिथेच जेवले. त्या पंगतीचे फोटो देशभर फिरले. विमानतळाच्या सुरक्षित आवारात अशी पंगत बसल्याबद्दल नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड केला. मुंबई विमानतळालाही दंड बसला. इतकं महाग जेवण आजवर कुठल्या पंचतारांकित हॉटेलातही झालं नसेल, आणि त्यात जेवणाऱ्याच्या पानात एक पैसा पडला नाही. दंड सरकारला जातो. दोन्ही विमानांचा संबंध गोव्याशी होता, हे मला फार लागलं. निवांतपणासाठी जिथं जायचं किंवा जिथून यायचं, त्या वाटेवर माणसं अशी वागतात.

मुंबईच्या पावसाबद्दल मात्र एवढा वाद होत नाही. २६ जुलै २००५ ला विमानतळाच्या शेजारच्याच सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा "कुठाय खराब?" असं कुणी विचारलं नाही. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेद देतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच सगळा भार. जुलैत मुंबईत उतरायचं तिकीट काढणाऱ्यानं अहमदाबाद किंवा हैदराबाद बघायची मनाची तयारी ठेवलेली बरी.

हे झालं सरळ प्रवासाचं. खरी गंमत कनेक्टिंग फ्लाइटची. अण्णांना भाचीच्या लग्नाला गुवाहाटीला जायचं होतं. एकाच तिकिटावर पुणे-दिल्ली-गुवाहाटी महाग पडत होतं. अण्णांनी दोन दिवस मोबाइलशी झटून दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली आणि काही हजार वाचवले. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. जानेवारी होता. दिल्लीत एफजी होतं. पुण्याचं विमान इतक्या उशिरा पोचलं, की दुसरं विमान तोवर बिहारवर होतं.

अण्णा दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर गेले आणि त्यांनी हवामानाचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तिथल्या मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सर, आमचं विमान वेळेवर गेलं. तुम्ही नव्हता." कंपनीच्या दप्तरी अण्णा 'नो शो' होते. नाटकाचं तिकीट काढून न आलेल्या प्रेक्षकाचे पैसे परत करा, असं कुठला निर्माता म्हणेल? पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला दिल्लीपर्यंत नेणार होतो, नेलं. तुम्ही पुढे कुठे जाणार होतात हे आम्हाला कुठे ठाऊक? आणि गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. एका पीएनआरवर दोन्ही विमानं असती, तर पहिल्यामुळे दुसरं चुकल्यावर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी तिकीट देणाऱ्याची असते. दोन पीएनआरच्या मधली जमीन कुणाच्याच मालकीची नसते, आणि अण्णा रात्रभर नेमके त्याच जमिनीवर बसून होते. न वापरलेल्या तिकिटावरचे कर आणि विमानतळाचे आकार परत मिळतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी मागून घेतले. त्यात दिल्ली विमानतळावरची कॉफी आली आणि वर थोडे उरले.

पुण्यातल्या मंडळींचं आणखी एक स्वतंत्र कनेक्शन असतं, जे कुठल्याच तिकिटावर छापलेलं नसतं: घर ते मुंबई. अमेरिकेचं विमान मुंबईहून पहाटे, टॅक्सी पुण्याहून दुपारी. पावसाळ्यात बोरघाटात ट्रक आडवा झाला, की तुमच्या हक्कांचं सगळं शास्त्र खंडाळ्याच्या वळणावर वायपरचा आवाज ऐकत बसतं. टॅक्सीवाल्याला नियम लागू नाहीत आणि विमानकंपनीला घाट माहीत नाही.

रेल्वेनं जाऊन विमान पकडायचं म्हटलं तर मात्र एक आशादायक गोष्ट सांगता येईल. अजमेरहून जम्मूला निघालेली एक गाडी चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. त्यांना टॅक्सीनं जावं लागलं. ते ग्राहक मंचात गेले, रेल्वे वरवर अपिलात जात राहिली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं रेल्वेचं म्हणणं फेटाळलं आणि प्रवाशाला मिळालेली भरपाई कायम ठेवली. न्यायालयाचं सांगणं सोपं होतं. उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं झाला असेल, तर ते कारण तुम्ही सिद्ध करा. सिद्ध करता येत नसेल तर पैसे द्या. म्हणजे ओझं गाडीवाल्यावर आहे, बॅग घेऊन पळणाऱ्यावर नाही. हा निकाल अण्णांनी कागदावर छापून पाकिटात ठेवला आहे. पाकिटात आता त्यामुळे नोटा मावत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांच्या घरी वेगळीच तयारी असते. मुलगा जर्मनीत, आई-वडील पहिल्यांदा निघालेले. मुलगा व्हॉट्सअॅपवर वीस सूचना पाठवतो. एकविसावी अशी: "बाबा, उशीर झाला तर सही करू नका." बाबा कशावरच सही करत नाहीत, सामानाच्या चिठ्ठीवरही नाही. पण मुलाच्या सांगण्यात तथ्य आहे. युरोपीय संघाचा २००४ चा एक नियम आहे, क्रमांक २६१. त्याप्रमाणे उड्डाण रद्द झालं किंवा तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळतात. हवामान कारण असेल तर हे पैसे नाहीत. तिथंही आभाळाला माफीच आहे. पण जेवण आणि राहण्याची सोय मात्र हवामान कसंही असलं तरी द्यावीच लागते. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीनं राख ओकली आणि युरोपभरची विमानं जमिनीवर आली. पोर्तुगालमध्ये आठवडाभर अडकलेल्या एका आयरिश बाईंनी हॉटेल-जेवणाचं साधारण ११३० युरोंचं बिल रायनएअर कंपनीकडे मागितलं. कंपनीचं म्हणणं, ही परिस्थिती साधी अपवादात्मक नाही, अति-अपवादात्मक आहे. युरोपच्या न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, की नियमात 'अति' असा प्रकार नाही, बाई तिथं अडकल्या तर त्यांना जेवू घाला. मला तो निकाल वाचून तिथल्या न्यायाधीशांत कुणीतरी कोल्हापूरकडचं असावं अशी शंका आली.

त्याच न्यायालयानं चुकलेल्या कनेक्शनचाही निकाल लावला आहे. ब्रेमेनहून पॅरिस, तिथून साओ पावलो, तिथून पॅराग्वेची राजधानी, असा एका बाईंचा प्रवास होता. पहिलंच विमान तीन तासांहून कमी उशिरानं निघालं, पण पुढची सगळी साखळी तुटली आणि त्या अकरा तास उशिरा पोचल्या. न्यायालय म्हणालं, पहिल्या टप्प्याचा उशीर किती हे बघू नका, शेवटी घरी किती उशिरा पोचल्या ते बघा. अर्थात सगळा प्रवास एका बुकिंगवर होता म्हणून. हे वाक्य मी अण्णांना वाचून दाखवलं नाही. आणि 'पोचलं' म्हणजे नक्की कधी, यावरही एक खटला झाला. चाकं टेकली तेव्हा उशीर होता २ तास ५८ मिनिटं. विमान जागेवर जाऊन थांबलं तेव्हा झाला ३ तास ३ मिनिटं. न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं, दार उघडेल तेव्हा पोचलं. कारण तोवर प्रवासी आतच कोंडलेला असतो. प्रवाशाच्या बाजूनं आजवर इतकं बारीक बघणारं कुणी भेटलं नव्हतं.

यात आपल्याला एक खोच आहे. हा नियम युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागतो, पण युरोपात येणाऱ्या विमानांपैकी फक्त युरोपीय कंपन्यांच्याच. म्हणजे आई-बाबा मुंबईहून भारतीय कंपनीच्या विमानानं गेले तर जाताना त्यांना हे हक्क नाहीत. त्याच कंपनीनं परत येताना आहेत. निघताना सुनेनं दिलेल्या फराळाच्या डब्याचं काय करायचं, एवढीच चिंता मग परतीला उरते. अमेरिकेत हवामानाच्या उशिराला भरपाई नाही. पण देशातल्या उड्डाणाला तीन तास आणि परदेशच्या उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही जायचं रद्द केलंत, तर कारण काहीही असो, पैसे परत. हे २०२४ पासून तिथं पक्कं झालं आहे.

पैसे परत, हे शब्द कानाला फार गोड लागतात. तिथंच माणूस फसतो. फोनवर 'रिफंड हवा?' असं बटण येतं, आणि रागाच्या भरात अंगठा तिकडे जातो. पैसे घेतले की कंपनीची तुम्हाला पोचवायची जबाबदारी संपते. मग त्याच दिवशीचं दुसरं तिकीट तिप्पट किमतीला घ्यायचं आणि तेही धुक्यातच थांबायचं. पोचायचंच असेल तर रिफंड नको, दुसरं विमान मागावं, आणि उशिराचं कारण लेखी मागावं. लेखी मागितलं की खराब हवामान थोडं सुधारतं, असा अण्णांचा अनुभव आहे. कागद, बोर्डिंग पास, बिलं हे सगळं जपून ठेवलं तर ग्राहक आयोगात आपल्याच गावात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. अण्णांची फाईल तयार आहे. ती ते दाखवायला कुठेही नेतात, फक्त आयोगात नेत नाहीत.

या हिवाळ्यात दिल्लीला जायचं ठरलं तेव्हा ताईनं सूत्रं हाती घेतली. विमान नाही, गाडीनं जायचं. अण्णांनी रेल्वेचे नियम काढले आणि चकित झाले. गाडी तुमच्या चढायच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर वेळेत अर्ज केल्यावर पूर्ण पैसे परत. धुकं की बिघाड, कुणी विचारत नाही. "म्हणजे यात वाद घालायला काहीच नाही," अण्णा जरा खट्टू झाले.

मथुरेच्या अलीकडे त्यांचा फोन आला. गाडी पाच तास लेट होती. मी विचारलं, कारण काय सांगतायत?

"कोण सांगणार?" अण्णा म्हणाले. "आणि विचारणार कोण? इथे पत्ते चाललेत. माझ्याच हातात हुकमाची राणी आहे, जरा थांबा."